घटस्फोट त्यांचा, बाकडं आमचं

...आणि साल दोन हजार चोवीस, महिना वैशाख, धुळ्याचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय, आणि अशा उन्हात मला, पारोळ्याच्या तोताराम पाटलाला, बसवलं कुठं? कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, बाकड्यावर. शेजारी कोण? तर ज्यांच्या हितेंद्रशी माझ्या सुलक्षणाची फारकत मांडलेली, ते चोपड्याचे रुपचंद आबा. माझे व्याही! दुसरं बाकडं रिकामं नाही. तुम्हाला सांगतो, घटस्फोट त्यांचा, बाकडं आमचं.

तुम्ही विचाराल, नाना, कोर्टात होतं काय? काही होत नाही. मला वाटलेलं, पिंजरा असेल, वकील टेबलावर हात आपटेल, मी छाती काढून चार शब्द बोलेन. बसमध्ये पाठ करत आलो होतो. तर वकील म्हणतो, "नाना, दोघांची राजीखुशी आहे. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही." कुणी विचारणार नाही? लग्नात जो तो मलाच विचारत होता, मांडव कुठं, पंगत कधी, नवरदेवाच्या मामाचा फेटा कुठला... आणि मोडताना बाप नको?

बरं, आज अर्ज दिला म्हणून आज सुटका, असंही नाही. सहा महिने थांबा. का? तर मन बदलतंय का बघायला. शिपाई नावाचा पुकारा करतो, दोघं आत जातात, समुपदेशनाच्या बाई विचारतात, जमेल का एकत्र राहायला, दोघं म्हणतात नाही जमणार, आणि बाहेर येऊन एकाच गाडीवर उसाचा रस पितात! वर तो रसवाल्याला सांगतो, हिच्यात बर्फ कमी टाक. अरे, मग सोडतोस कशाला बाबा? पोरीला विचारलं मी. म्हणाली, "नाना, माणूस चांगला आहे. पाहुण्यासारखा चांगला आहे. पण घरात रोज पाहुणाच असला तर मी कुणाशी बोलू?"

पुढं मी विचारलं नाही. रस ते पिणार, ऊन आम्ही खाणार. घटस्फोट त्यांचा, बाकडं आमचं.

आता माझं दुखणं ऐका. आमच्या घराण्यात लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, मी घोट घेतला नाही. तिच्या धुळ्यातल्या घरी जायचो तर पाण्याची बाटली काखेत मारून. त्या दिवशी ती बाटली संपली. उठून नळावर जायचं ना, म्हणाल. आणि तेवढ्यात पुकारा झाला तर? आणि सबंध बाकडं आबांना सोडू?

घशाला कोरड, जीभ टाळूला. आबांनी आपली बाटली पुढं केली. म्हटलं, निकाल लागलेला नाही, कायद्यानं तुम्ही अजून व्याही आहात. ते म्हणाले, "पानी शे, जहर नई." म्हटलं, मरेन, पण पिणार नाही.

बोललो आणि पडलो.

डोळे उघडले तर डोकं आबांच्या मांडीवर, वकील फाईलनं वारा घालतोय, आणि तोंडात पाणी. सासरचं! आता गिळू का थुंकू? सांगा तुम्ही. गिळलं.

आणि लागली टोचणी. लेकीच्या घरचं घेतलं तर फेडायचं असतं, आणि नातं आहे तोवर फेडायचं. नातं तुटलं की तो परक्याचा उपकार, मग सरणापर्यंत डोक्यावर. सहा महिने भाकरी गोड लागली नाही. पोरीला वाटे, नाना माझ्या काळजीनं वाळले. काळजी होतीच. पण घोटही होता.

कार्तिकात शेवटची तारीख. मी आपल्या विहिरीचं पाणी भरून नेलं. तेच लिंब, तेच बाकडं. म्हटलं, घ्या आबा. ते म्हणाले, थंडीत तहान कुठली? मग मी डबा उघडला. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. घरून निघताना बायकोला, लताबाईला, सांगितलेलं, मिरची दुप्पट घाल, कारण विचारू नको. आबा खाताहेत, कपाळावर घाम, नाक लाल, डोळ्यांत पाणी, पण हा गडी पाणी मागेल तर शपथ! उलट म्हणतो, "भरीत झकास शे. तिखट जरासं कमी." खान्देशी माणसाला मी मिरचीनं हरवायला निघालेलो... मलाच उचकी लागली. अर्धी बाटली मीच प्यालो.

तेवढ्यात पुकारा. दोघं आत गेली आणि चहा निवायच्या आत बाहेर. वकील म्हणाला, "झालं." झालं? लग्न चार दिवस चाललं होतं, वाजंत्रीवाल्यांचे गाल सुजले होते. आणि मोडलं तेव्हा आम्ही भाकरीचा हातही धुतला नव्हता. घटस्फोट त्यांचा, बाकडं आमचं.

सुलक्षणा आली, आबांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, सुखी..." एवढंच म्हणाले, पुढचा शब्द येईना. घसा धरला. मिरचीनं न झालेलं काम झालं. बाकड्यावर बसले, आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला.

मी थांबलो. नातं उरलं का तुटलं? वकिलाला विचारलं, हुकमाची नक्कल कधी मिळेल. तो म्हणाला, आठवड्यानं. म्हणजे आठवडाभर व्याहीच, असं मी धरलं. बाटली दिली. आबा घटाघटा प्याले.

फिटलं.