तीन ठोके आणि बस

…आणि बॅटऱ्या दोन! एक नाही, दोन! एक त्या नट आवळायच्या मशीनच्या बुडाला आणि दुसरी माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगवर, लाल दिवा लावून बसलेली. वाटण वाटायला म्हणून तिला जरा बाजूला केलं, तर खिडकीतून मुलगा ओरडतो, "आई, तिला हात लावू नकोस, ती भरत्येय!" भरत्येय म्हणे! मी सकाळपासून उपाशी ते कोणाला दिसत नाही, पण ती भरत्येय! तरी मी काही बोलले नाही. हसा तुम्ही, हसा… मी आणि गप्प, कोणाला खरं वाटत नाही. पण तुम्हाला सांगते, या सगळ्या प्रकरणात मी काही बोलले नाही, आणि तिथंच तर घोळ झाला.

आमचं घर मागे आणि गॅरेज पुढे. गॅरेज म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, दोन जॅक, टायरची उतरंड आणि भिंतीला टांगलेले पाने. आमच्याकडे चाकांचं काम. माझ्या ओट्यासमोर खिडकी, खिडकीसमोर शेड, त्यामुळे सेहेचाळीस वर्षांत कोणती गाडी आली, तिचं कोणतं चाक निघालं, ते मला तोंडपाठ. लिहितावाचता येत नाही मला, पण विचारा, अमक्याच्या गाडीचं मागचं उजवं कधी पंक्चर झालं होतं… वार सांगेन, आणि त्या दिवशी आमटी करपली होती की नाही तेही सांगेन.

आणि आमचे हे. यांचा एक चौफुली पाना, चार टोकांचा, घासून घासून मधोमध आरशासारखा झालेला. त्यानं नट आवळायचे, शेवटचा पाव फेरा डोळे मिटून द्यायचा, मग वरच्या खिशातून खडू काढून प्रत्येक नटावर एक पांढरी रेघ मारायची. रेघ मारली म्हणजे तो नट यांचा. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, घट्ट झालं ना?" की हे म्हणायचे, "पाना सांगत नाही, हात सांगतो." दिवसातून वीस वेळा! मला तर ते झोपेतसुद्धा ऐकू यायचं. आणि खडू कुठून, तर शाळेतल्या मोठ्या बाई आहेत ना, त्या वर्गातले उरलेले तुकडे डबीत भरून आणून द्यायच्या. त्यांच्या वडलांच्या गाडीपासूनचं गिऱ्हाईक.

तर मुलानं डोक्यात घेतलं, मशीन आणायचं. वायर नाही, हवेची नळी नाही, बोट दाबलं की घर्रर्र, नट बाहेर. तिघं निघालो दुकानात. मी कशाला, तर मला चप्पल घ्यायची होती, दुकान वाटेतच. चप्पल राहिली ती राहिलीच. हत्यारांच्या दुकानातला माणूस असा बोलणारा, की मला ऐकतच राहावंसं वाटलं, आणि मी काही कोणाचं ऐकणारी नव्हे. "या काकी, बसा काकी, हे बघा, हे ब्रशलेस, हे हजार न्यूटनचं, हजार! ट्रकचा नट काढील, ट्रक काढील!" हे शांतपणे विचारतात, "मोटारीच्या चाकाला किती लागतं?" "शंभर, सव्वाशे." "मग उरलेलं आठ-नऊशे काय करू? घरी नेऊन वाळत घालू?"

दुकानदार हसला, मुलगा नाही हसला. म्हणाला, "बाबा, गंजलेले नट काढायला लागतं जास्त." मग पाचशेचं घ्यायचं ठरलं. खोकं उघडलं तर आत नुसतं मशीन! बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा, आणि पुढे नटावर बसते ती गोटीसुद्धा वेगळी, कारण घरातली चकचकीत गोटी म्हणे या दणक्यानं फुटते, हिला जाड काळीच लागते. म्हणजे नवरी पसंत केली आणि मग कळलं की तिचे हातपाय दुसऱ्या खोक्यात आहेत! मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, की आता पिशवी तरी यात धरलीये का, का तीही वेगळी? ते काही बोलणं नव्हे.

घरी आल्यावर मुलानं खोक्यातली पुस्तिका वाचून दाखवली आणि वर आपला नियम सांगितला. "बाबा, घट्ट करताना हे फक्त टेकवायला. नट बसला की मशीन ठोके द्यायला लागतं, टक-टक-टक, तीन ठोके आणि बस. बोट सोडायचं. शेवटचं मी टॉर्क पान्यानं देणार, तो कट्ट वाजतो तेव्हा बरोबर." हे म्हणाले, "तुझं तू वाजव." आणि महिनाभर त्या मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता खरी गोष्ट इथं आहे, जी मला माहीत होती.

यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. पावसाच्या आधीपासून. हे म्हणायचे, "नव्या शर्टाची काजं लहान आहेत." शर्ट सात वर्षांचा! चहाचा ग्लास कडकडीत, मी पदरानं धरून आणलेला, हे मुठीत धरून बसायचे आणि बोलत राहायचे, बोटं लाल झाली तरी कळायचं नाही. एकदा मुद्दाम मी त्यांच्या बोटाला चिमटा काढला, चांगला जोरात. हे पेपरच वाचत राहिले. मी काही बोलले नाही. बोलले असते तर मुलगा म्हणाला असता, "बाबा, आता घरी बसा." आणि बसून हे काय करणार? भिंती आवळणार? या माणसाला दुसरं काही येत नाही हो. गाणं नाही, पत्ते नाहीत, बाजारात धाडलं तर भोपळासुद्धा आवळून बघतात.

तर चौफुली पाना हातातून सटकायला लागला. दोनदा सटकला, खिडकीतून पाहिलं मी. तिसऱ्या दिवशी मुलगा टायर आणायला गेला होता, यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चोरून जिलेबी खावी तसं मशीन उचललं. घर्रर्र… टकटकटक! आणि काय सांगू, माणूस खुलला! पाच नट एका दमात! संध्याकाळी जेवताना म्हणाले, "अगं, वाईट नाही हं ते." सेहेचाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकालासुद्धा एवढं म्हटलेलं नाही! मुलगा खूश. आठ दिवस नुसतं घर्रर्र आणि खडूच्या रेघा. मुलगा दुसऱ्या गाडीखाली असला, की टॉर्क पान्याचं राहून जायचं. रेघ मारलेली दिसली की तो समजायचा, झालं.

पण मी कांदा चिरता चिरता ऐकत होते ना! तीन ठोके आणि बस, असा नियम. मुलाचं मशीन वाजायचं टक-टक-टक, गप्प. यांचं वाजायचं टक-टक-टक-टक-टक-टक… मी मोजायची, अकरा, बारा, एकदा तर एकोणीस! कारण हे हातानं सांगायची वाट बघत होते, आणि हात सांगतच नव्हता. बोट दाबलंय की सोडलंय, तेच त्या बोटाला ठाऊक नाही. मला सगळं कळत होतं. मोठ्या बाईंची गाडी, शुक्रवार, पुढचं डावं, पाच नट, पाचव्याला सतरा ठोके.

मी काही बोलले नाही.

मंगळवारी बाईंची गाडी ओढत आणली. पुढचं डावंच पंक्चर होऊन बसलं होतं, हमरस्त्यावर. बाई म्हाताऱ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन चाललेल्या. गाडीतल्या पान्यानं नट हलेना. एक ट्रकवाला थांबला, तो पान्यावर उभा राहिला, मग उड्या मारल्या, तेव्हा एक बोल्टच तुटला, बाकीचे चार तसेच. तीन तास उन्हात. म्हातारीची वेळ गेली, आता पुढची तारीख महिन्यानं. आणि ते अंधुक डोळे घेऊन ती म्हातारी गाडीत बसलेली, खिडकीतल्या मला विचारते, "घर आलं का?"

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "कोणी लावले हे नट?"

मुलानं चाकाकडे पाहिलं. यांच्याकडे नाही पाहिलं. म्हणाला, "मी. माझी चूक झाली, बाई."

हे तिथंच उभे, हातात फडकं. हातातलं फडकं खाली पडलं तरी यांना कळलं नाही. मी खिडकीत, हातात पळी.

मग तीन दिवस… काय सांगू तीन दिवसांचं? काही झालंच नाही. भांडण नाही, रडणं नाही. ताटं वाढली, ताटं उचलली. हे खुर्चीवर बसून दोन्ही हात मांडीवर ठेवून बघायचे, जसं काही कोणी पाहुणे आपले हात विसरून गेलेत आणि हे राखण करतायत. मुलगा एकदा डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर आहे, गेलेलं आता फारसं परत येणार नाही, थरथरणारी यंत्रं कमी वापरा. हे "बरं" म्हणाले. मुलगा "बरं" म्हणाला. मीही "बरं" म्हटलं. बॅटरीचा दिवा लालचा हिरवा झाला, तिला कोणी काढायला आलं नाही. मिक्सर मोकळा होता म्हणायचं तर प्लग भरलेला, आणि वाटण वाटायची इच्छा मलाच नव्हती.

चौथ्या दिवशी बाई गाडी न्यायला आल्या. नवा बोल्ट बसवलेला, चाक लावायचं बाकी. विचारलं, "काका कुठेत?" मुलगा म्हणाला, "बरं नाही." तर हे आतून स्वतःच उठून आले, शर्टाचं वरचं बटण उघडं, आणि म्हणाले, "बाई, ते नट माझे होते. यानं खोटं सांगितलं."

बाई म्हणाल्या, "माहितीये, काका. प्रत्येक नटावर रेघ होती. खडू माझाच, मला नाही कळणार?"

घ्या! म्हणजे मुलगा तिथं तोंड वर करून खोटं बोलला, आणि उरलेल्या चार नटांवरच्या रेघा चार साक्षीदारांसारख्या समोर उभ्या! मुलाचा चेहरा असा झाला, की मला हसू येईना आणि रडूही येईना. बाई म्हणाल्या, "आईची तारीख गेली त्याचा राग आहेच, तो काही इतक्यात जायचा नाही. पण मला एवढंच सांगा, तुम्हाला कळलं कसं नाही?"

यांनी दोन्ही हात पुढे केले. म्हणाले, "हात सांगेनासा झालाय." बस, एवढंच. सेहेचाळीस वर्षांचं गॅरेज, आणि एवढंच.

मुलगा पुढे झाला, "बाबा, द्या, मी लावतो." आणि मशीन उचललं. तेवढ्यात बाई म्हणतात, शाळेत म्हणतात ना तसं, "थांबा. त्यांना लावू दे. माझ्यासमोर लावू दे. मग तू तुझा तो वाजणारा पाना लाव, आणि माझ्यासमोर वाजव." आता शाळेच्या मोठ्या बाईंना कोण नाही म्हणणार? मुलानं मशीन यांच्या हातात दिलं. हे खाली बसले. गोटी नटावर बसवली. घर्रर्र… टक… टक… टक…

आणि तुम्हाला सांगते, मी ओट्यापाशी होते, तव्यावर पोळी होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं: "बस!!"

यांनी अख्खा हात उचलला. मशीन गप्प. मुलानं टॉर्क पाना लावला, जरासा ओढला, कट्ट! बाईंनी मान हलवली. दुसरा नट. टक-टक-टक. "बस!" कट्ट. तिसरा… पाचव्या नटापर्यंत पोळीचा कोळसा झाला. मग यांनी खिशातून खडू काढला, दोनदा खाली पडला, मीच जाऊन उचलून हातात दिला, आणि यांनी पाच रेघा मारल्या. वाकड्या. बाई म्हणाल्या, "चालतील."

आता मुलानं ठरवून दिलंय. रोज सकाळी एक गाडी बाबांची, एकच, चार चाकं, वीस नट. त्याहून जास्त मशीनला हात लावायचा नाही, डॉक्टरांचा शब्द. आणि माझी खुर्ची शेडमध्ये ठेवलीये, जॅकशेजारी. माझ्या स्वयंपाकाचं काय, कोणी विचारत नाही. माझ्या गुडघ्यांचं काय, विचारत नाही. त्याच जुन्या चपला घालून जाते, बसते, वीस वेळा "बस" म्हणते, आणि येते. बाईंच्या आईचं ऑपरेशन झालं परवा, खडूची डबी पाठवलीये. गिऱ्हाईक विचारतं, "काका, घट्ट झालं ना?" तर हे मान माझ्याकडे करतात आणि म्हणतात, "हात सांगत नाही आता. हिला विचारा."

सेहेचाळीस वर्षं या माणसाला मी सांगतेय, बस करा, बस करा, आणि यांनी एकदा ऐकलं असेल तर शपथ. आता ऐकतात. एका शब्दात थांबतात. शेडमध्ये. नट असला तर. घरात आले, की परत सुरू… आणि मी काही बोलत नाही.