चुलीमागचा अमेरिकन डोंगर

सन छप्पन. इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एक भाऊबहीण उभे होते. बोलण्यावरून कळलं, तिचं सासर निरवांगी, माहेर बारामती.

“मुक्ते, सासूच्या पाया पड आन् ती भिंत सारवून टाक.”

“न्हाय सारवणार, दादा.”

“अगं, अमेरिकेच्या कॅलिंडरातला डोंगर घरात काढतात व्हय?”

“चुलीमागं काढलाय. दिवसभर माझं तोंड तिकडंच असतं.”

“कॅलिंडर दाजींनीच आणलं न्हवं?”

“व्हय, कारखान्यातल्या गोऱ्या सायबानं दिलेलं. सासूनं ते चुलीत घातलं. मग मी आठवून आठवून काढला. नीळ, गेरू आन् चुना घेऊन.”

“सासूला एवढा राग कशाचा?”

“आळीतल्या बाया बघायला येतात, त्याचा.”

“दाजी काय म्हणाले?”

“भिंत सारवणार असशील तरच घरात ये, म्हणाले.”

“मग सारव की! एका भिंतीपायी संसार मोडतीस?”

“शेणाचा गोळा घेऊन उभी व्हते, दादा. हातच उचलंना.”

“बारामतीला आबा तुला दारात उभं करणार न्हायत.”

“ठाव हाय. तवा तू काय करशील, ते सांग.”

तेवढ्यात भावाचा नंबर आला.

“कुठलं तिकीट?” खिडकीतून आवाज आला.

“निर...”

“लवकर बोला, पाव्हणं.”

“बारामती. दोन द्या.”