फोनशी कोणी भांडत नाही

नाही नाही भाऊ, तुमी बसा त्या दगडावर, ट्रॅक्टर येते — हिरासिंगचं हाये, फोन केला ना म्या तुमच्यासमोरच. नाल्यातल्या गाऱ्यात गाडी फसली म्हणता — फसनच! थो रस्ता काय गाडीचा हाये? बैलाचा हाये. डांबरी सोडून तिकडं कायले घातली मंग? — फोननं सांगतलं? नाही, तुमाले नाही हासून राह्यली. पाय तेवढे सांभाळा, दाणे तुडवू नका, हे सोयाबीन माहं हाये.

आता तुमी परगावचे ड्रायव्हर, तुमाले सांगाले काय हरकत? सोयाबीन निघालं का आमी डांबरावरच वाळवतो, खालून-वरून ऊन लागते. पण गाड्या! पहिले दगड मांडले — लोक उतरून भांडत. मंग बोरीचे काटे टाकले — लोक उचलून वावरात फेकत, मलेच वेचा लागे. मंग माह्या पोरीनं, खुशीनं, तिसरा उपाय काढला. साऱ्या मैत्रिणीचे फोन जमवले अन् त्या नकाशात कळवलं — रस्ता बंद. झालं! गाड्या आपोआप नाल्याकडं. ना शिवी, ना गाळी. दगडाशी माणूस भांडते, बाईशी तर भांडतेच, फोनशी कोणी भांडत नाही. एसटीवाला काही फोन पाहत नाही, एका अंगानं गाडी काढते बिचारा. अन् दवाखान्याची गाडी आली तर मीच झाडून देतो रस्ता — मी काही वाईट बाई नाही हं.

आज तर वाळवाचं कामच नव्हतं. कालच दाणा दाताखाली कटकन फुटला. पण सकाळी खुशी म्हणे, माय, अजून एक ऊन दे. मी म्हटलं, अवं, आज पाहुणे यून राह्यले तुले पाह्याले, अन् मी रस्त्यावर बसू? तर म्हणे, आले का आवाज देतो. नवं लुगडं नेसवलं मले अन् बसवलं इथं. गुणाची हाये पोरगी. परवा लय रडली — नर्सिंगचं शेवटलं वर्ष होऊ दे, मंग पाहू म्हणे लग्नाचं. मी म्हटलं, पाह्यल्यानं काय अंग झिजते? मंग डोळे पुसून पोहे निवडाले बसली.

पण पाहुणेच नाही आले अजून. दुपार कलली. — भाऊ, तुमच्या गाडीत कोण कोण हाये हो? — उमरखेडचे? म्हातारा-म्हातारी, अन् मधात पांढऱ्या शर्टाचं पोट्टं? पेढ्याचा डबा घेऊन?

बाप्पा!

नाही, काही नाही, तुमी बसा. म्हणजे — एक सांगा, घराचा पत्ता फोनवर कोणी धाडला? — पोरीनं? पोरीनं स्वतः? अन् वरून म्हणे, नकाशा सांगन तसेच या? अवं माय! दाणा वाळलेला, अन् मले बसवलं इथं राखणीले, माह्याच पाहुण्याईची वाट अडवाले! अन् मी नवं लुगडं नेसून बसली! — हासू नका हो. मले हासूही यून राह्यलं अन् रडूही. एवढी खटपट करा लागली पोरीले, अन् म्या तिचं एक वाक्य नाही ऐकलं.

आला पाहा हिरासिंग. — हिरासिंग, ट्रॅक्टर बंद नको करू! भाऊ, उठा, हा दोर धरा. पुढून नका बांधू. मागून! गाडीचं तोंड उमरखेडकडं होऊ द्या. पाहुण्याईले सांगा, पुढं रस्ता बंद हाये, निदान एक वर्ष तरी. कोण म्हणते इचारलं तर — फोन म्हणते. जा ना आता! अन् दाण्यावरून नका जाऊ.