पाच एकरांतलं तीन एकर पाणी

धरणाकाठी एक गाव, त्या गावात एक म्हातारा, त्याची म्हातारी म्हणजे मी, अन् आमचा लग्नाचा नातू गणेश. शेती करतो म्हणून त्याला कुणी पोरगी देईना. ऐन उन्हाळ्यात दिंडोरीकडचे पाहुणे घर बघायला आले.

मुलीच्या बापानं विचारलं, "जमीन किती?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारा बोलला, "आज पाच एकर हाय. भादव्यात या, दोनच दिसंल."

"बाकीची?"

"धरणाखाली जाती. पाणी हटलं की गाळात काकड्या लावतो."

झालं, मोडलं लग्न, म्हणून मी कपाळाला हात लावला.

पाहुणा म्हणाला, "आमची पोरगी द्राक्षबागेसाठी टँकरची वाट बघत मोठी झाली, आजी. तुमच्याकडं पाणीच वावरात राहायला येतंय. इथंच देतो."

पहिल्याच भादव्यात तीन एकर बुडालं, तर नातसून बांधावर बसून पाण्यात पाय हलवत होती.