उभ्याने बसणारी जीन्स

दाताच्या दवाखान्यात चार खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी माझ्यासमोरच्या दोघी बहिणींपैकी थोरली भिंतीला टेकून उभीच होती.

“ताई, बस ना.”

“उभीच बरी आहे.”

“जीन्स झकास बसलीय हं. घरी शिवलीस?”

“दुकानातली मांड्यांवरून चढली, की कमरेला मागे मूठ जाईल एवढी फट राहते. म्हणून ही नेमकी माझ्या मापाची शिवली.”

“मग बसत का नाहीस?”

“माप घेताना टेप सासूबाईंच्या हातात होती.”

“बरं, मग?”

“मग काय, पोट आत ओढलं. त्यांच्यापुढे सोडून उभी राहू?”

“किती ओढलंस?”

“आधी थोडंच. त्या म्हणाल्या, बारीक झालीस गं. मग आणखी ओढलं.”

“कमाल आहे तुझी. टेपपुढे कसली आलीय लाज? मला एक शिवून दे. मी खरं माप देते.”

“टेप पर्समध्येच आहे. ऊठ, हात वर कर.”

“घे.”

“तीस. आता श्वास सोड.”

तेवढ्यात आतून धाकटीला हाक आली. तिने श्वास तसाच धरून, थांबा म्हणून नुसतं एक बोट वर केलं.