गेटवरचा फोटो

तुम्ही हसाल, पण परवा मला माझ्याच पोरीने सोसायटीच्या गेटवर अडवलं. सानपाड्यातच, खाली दूध आणायला गेलो होतो आणि फोन घरी राहिला. परत आलो तर वॉचमन नवा.

"साहब, अ‍ॅप में एंट्री करनी पडेगी," म्हणाला आणि माझा फोटो काढून फ्लॅटवर पाठवला. बायको ऑफिसला, म्हणजे तो गेला रियाच्या फोनवर. ती दहावीत आहे, फोन हातातच असतो. म्हटलं, दोन सेकंदांचं काम.

दोन सेकंदांतच नकार आला.

"अरे, बाप आहे मी तिचा! परत पाठव."

परत नकार. शेवटी शेजारच्या म्हात्रेकाकांनी ओळख सांगितली, तेव्हा कुठे आत सोडलं.

घरात शिरलो तो भडकूनच. "रिया, फोटो न बघताच नको म्हणतेस?"

"बघितला ना. वाटलं, कोणीतरी अंकल आहेत."

मग तिने फोनमधून मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं.

"पप्पा, तुमचे केस कधी पांढरे झाले?"

कलप लावायचा सोडून मला दोन वर्षं झाली.