पायलचे हात कुठे गेले?

सन्माननीय अध्यक्ष आणि कंपनीचे मालक चंद्रभानजी, पुरस्कार स्वीकारून आज आपला निरोप घेणारे व्हिडिओ विभागाचे प्रमुख दुर्गेशजी, मंचावरची पाहुणे मंडळी, समोर बसलेले दुकानदार बंधू-भगिनी, आणि अगदी शेवटच्या रांगांत बसवलेले पायलचे मित्र-मैत्रिणी, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी संघपाल, पायलचा मोठा भाऊ. बँकेत काउंटरवर बसतो. समोरच्याने विचारलं तेवढंच सांगायचं, ही सवय. भाषण मी आजवर केलेलं नाही. पायल गेली तेव्हा शोकसभेतही मी बोललो नव्हतो. आज आभाराचे दोन शब्द बोला असा निरोप आला, म्हणून दोन वाक्यं घरून पाठ करून आलो होतो. ती वाक्यं आता उपयोगाची नाहीत. आपण सगळ्यांनी चहाच्या आधी पायलवरची फिल्म पाहिली. टाळ्याही वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

बऱ्याच जणांना पायल माहीत नसेल. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कन्हानच्या आमच्या घरून ती आपल्या कारखान्यात कुकर पॅक करायला जायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने कंपनीचा कुकरचा व्हिडिओ मोबाईलवर पाहिला. त्यात एक बाई हसून हसून बोलत होती. दुर्गेशजी त्या दिवशी कारखान्यात आले होते. पायलने त्यांना मोबाईलवर लिहून विचारलं, ही बाई काय सांगते आहे? त्यांनी लिहिलं, काही विशेष नाही. पायलने लिहिलं, मग एवढा वेळ का बोलते?

दुर्गेशजी हसले, आणि तिला व्हिडिओ विभागात घेऊन गेले. हे श्रेय त्यांचंच आहे. मी ते काढून घेणार नाही. त्यानंतर आपल्या व्हिडिओंमध्ये कॅप्शन आली, कोपऱ्यात खुणांची भाषा आली. झाकण 'असं फिरवा' म्हणून भागत नाही, ज्याला दिसत नाही त्याला उजवीकडे की डावीकडे ते बोलून सांगा, हेही आलं. इतवारी बाजारातल्या दुकानदारांनाच विचारा. बाहेर टेम्पोचे हॉर्न सुरू असतात, तेव्हा चांगलं ऐकू येणारं गिऱ्हाईकसुद्धा पडद्यावरचं वाचूनच कुकर घेतं. आजचा पुरस्कार या कामाचा आहे.

आणि या पुरस्काराच्या कार्यक्रमात जी फिल्म दाखवली, तिच्या खाली कॅप्शनचा एक शब्द नव्हता.

दिवे बंद झाले. पायल पडद्यावर आली. माझी आई, बायजाबाई, पहिल्या रांगेत बसली आहे. सहा महिन्यांनी तिने मुलीला हलताना पाहिलं. आईने माझी बाही धरली आणि म्हणाली, "संघपाल, पोरीचे हात कुठी गेले गा?"

मी पाहिलं. चेहरा होता. भुवया वर जात होत्या, खांदे हलत होते. खांद्यांच्या खाली कंपनीच्या नावाची पिवळी पट्टी होती. हात नव्हतेच. जिचं सगळं बोलणं हातांत होतं, तिच्यावरच्या फिल्ममधून हात कापून टाकले होते. तुमच्यापैकी कुणाची फिल्म काढली आणि तोंडावर पट्टी लावली, तर तुम्ही टाळ्या वाजवाल का?

वरून एका मुलीचा गोड आवाज येत होता. "या कंपनीने मला आवाज दिला." खरंच दिला. मुंबईच्या कुठल्याशा मुलीचा दिला.

मागे रितिका बसली आहे. पायलच्या शेजारी बसून पॅकिंग करायची. तिने मला खुणेने काहीतरी विचारलं, पण अंधारात मला दिसलं नाही. ऐकू न येणाऱ्यांना बसने आणायचं, शेवटी बसवायचं आणि वर दिवे घालवायचे. मग त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पुढचे लोक टाळ्या वाजवताना दिसले, तेव्हा त्यांनीही आपल्या पद्धतीच्या टाळ्या म्हणून हात वर करून हलवले. पायलवर काय दाखवलं हे त्यांना अजून माहीत नाही.

चहाच्या वेळी मी दुर्गेशजींना पायऱ्यांपाशी गाठलं. हात कुठे आहेत विचारलं. ते माझ्याशी चांगलंच बोलले, नेहमीसारखं. म्हणाले, "दादा, हात ठेवले की पट्टी झाकून जाते. कंपनीचं नाव नको का दिसायला? पण चेहरा पहा ना, किती सुंदर आला आहे."

मी म्हटलं, आणि कॅप्शन?

"आज क्लीन कॉपी लावली. मोठ्या पडद्यावर क्लीनच चांगली दिसते. कॅप्शन नंतर टाकू."

क्लीन म्हणजे स्वच्छ ना? मग कॅप्शन आली की व्हिडिओ घाण होतो का? दुर्गेशजी, कारखान्यातल्या मुलांनी तुम्हाला खुणांच्या भाषेत एक नाव दिलं आहे. मनगटावर बोट ठेवायचं आणि हात पुढे ढकलायचा. तुम्हाला कुणी अर्थ सांगितला नसेल. तुमचं नाव आहे 'नंतर'. पायलनेच ठेवलं होतं. घरी ते नाव काढून ती पोट धरून हसायची. तेव्हा मीही हसलो होतो. आज मला हसू येत नाही.

कुणी म्हणेल, भाऊ आहे, दुःखात आहे, एका चुकीचं एवढं कशाला मनावर घेतो? म्हणून सांगतो. आमच्या घरी पायल बोलायला लागली की आई गॅस बंद करायची. तिचं ऐकता ऐकता भाजी ढवळता येत नसे, तिच्याकडे बघावंच लागे. शूटिंग झालं त्या दिवशी घरी येऊन तिने कॅमेऱ्यासमोर बोललेलं सगळं आईला पुन्हा करून दाखवलं. मी तिथेच होतो. त्यात कंपनीने आवाज दिला, असं काही नव्हतं. ती म्हणाली होती, "व्हिडिओ काढायच्या आधी आम्हाला विचारा. शब्द शेवटी चिकटवू नका. आम्हाला नुसतं दाखवू नका, आम्हाला समजेल असं दाखवा."

पायल हे बोलली होती. तुम्ही ते कापलं, आणि जे ती कधीच बोलली नाही ते तिच्या तोंडी घातलं. ती आता येऊन 'मी असं बोलले नाही' म्हणू शकत नाही.

आमच्याकडे तिचे फोटो पुष्कळ आहेत. कामावरून रोज व्हिडिओ कॉल व्हायचे, पण कॉल कोण साठवून ठेवतं? तेव्हा कुणाला वाटलं होतं की डेंग्यूने ती आठवड्यात जाईल? आज पायल बोलताना या जगात एकाच ठिकाणी आहे. तुमच्या त्या शूटिंगमध्ये. आईला तिचा चेहरा रोज दिसतो, भिंतीवर आहे. आईला तिचे हात पाहायचे आहेत.

ही फिल्म उद्यापासून सगळ्या दुकानांत लागणार आहे, असं मघाशी मंचावरून सांगण्यात आलं. चंद्रभानजी, मालक तुम्ही आहात, म्हणून तुम्हालाच विचारतो. ती थांबवाल का? मूळ शूटिंग आम्हाला द्या. फिल्म पुन्हा बनवा. पट्टी काढा, हात ठेवा, तो आवाज काढा, आणि पायल जे बोलली तेच खाली लिहा. काय बोलली ते कळलं नाही तर रितिकाला विचारा, ती कॅमेऱ्यामागेच उभी होती. आधी विचारा.

तुम्ही मान हलवलीत. मला दिसलं, धन्यवाद. पण ही मान शेवटच्या रांगेपर्यंत दिसली नाही. एक विनंती आहे. रितिकाला इथे बोलवा आणि मंचावर, तिच्यासमोर, तिला कळेल असं सांगा. ती 'समजलं' म्हणाली, की मी समजेन की तुम्ही शब्द दिला. पायलच्या नावाने टेबलावर ठेवलेलं मानचिन्ह आई त्या दिवशी घेईल, ज्या दिवशी ती फिल्म पूर्ण पाहील. आज ते तिथेच राहू द्या. दुर्गेशजी, नव्या शहरातल्या नव्या नोकरीसाठी शुभेच्छा. तिथेही कॅमेऱ्यापुढे कुणी हातांनी बोलणारं येईल. त्याला पूर्ण घ्या.

दिवे लावणाऱ्या भाऊंना सांगतो, सगळे दिवे लावा, आणि आता बंद करू नका.

आभार मानायचे राहिले आहेत. पण माईक धरून माझा एक हात अडकला आहे, आणि इतका वेळ मी जे बोललो त्यातलं काहीही मागच्या रांगांना कळलेलं नाही. म्हणून मी माईक खाली ठेवतो आणि हे सगळं पहिल्यापासून त्यांना सांगतो. आभारही तसेच मानीन. माझे हात पायलसारखे चालत नाहीत. काही खुणा चुकतील, एखादी अर्धवट राहील, तेवढं त्यांनी पदरात घ्यावं.

पुढच्या रांगांनी कृपया जागेवरच बसून राहावं. तुम्हाला काही कळलं नाही, तर काळजी करू नका.

कॅप्शन नंतर टाकू.